आग्या मोहोळ दरवर्षी त्याच स्लॅबखाली का?

प्रश्न : मोशीत आमच्या सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर, बाल्कनीच्या स्लॅबखाली दिवाळीनंतर आग्या मोहोळ लागतं. मागल्या वर्षी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून पाडून घेतलं, तरी यंदा पुन्हा त्याच जागी हजर! वॉचमन म्हणतो, त्याच माश्या सूड उगवायला येतात. खरं आहे का? आणि एवढ्या कारखान्यांच्या गराड्यात त्यांचं पोट भरतं तरी कशावर?
— एक वाचक, मोशी

उत्तर : वॉचमनचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. परत येणं खरं. सूड मात्र आपण त्यांच्या माथी मारलेला.

आधी जागेचं बघू. सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधारात राहते आणि शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते. म्हणूनच ती पेटीत पाळता येते. आग्याला अंधार चालत नाही. तिचं पोळं एकच, उघड्यावर लोंबणारं आणि कधी कधी मीटरभर रुंद. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. त्यामुळे माश्याच एकमेकींना धरून थरावर थर रचतात आणि पोळं झाकून टाकतात. आपल्याला खालून जे काळपट दिसतं ते पोळं नसून हा जिवंत पडदा असतो. एवढं ओझं टांगायचं तर वर भक्कम आडवा आधार हवा आणि खाली मोकळी हवा. सह्याद्रीत त्यासाठी कडे आहेत, गावात वड-पिंपळ आहेत. मोशी-चिखलीत आपण बिल्डिंगा उभ्या केल्या आणि प्रत्येक मजल्यावर तिच्यासाठी एकेक कपार तयार करून ठेवली.

पोटापाण्याची काळजी करू नका. आग्या काही किलोमीटर सहज जाऊन येते. कंपन्यांच्या आवारातली निलगिरी, रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष, करंज, कडुलिंब, गुलमोहर हे सगळं तिच्या टप्प्यात येतं. इंद्रायणी ओलांडली की खेड तालुक्यातली शेतं लागतात. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग बघताना मधमाशी कुणाला आठवत नाही, पण कांद्याचं बी धरायला तीच लागते. कांद्याच्या प्रत्येक बारीक फुलात परागकण आधी मोकळे होतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. तेव्हा पराग दुसऱ्या फुलाकडून यावे लागतात, आणि ते आणून देण्याचं काम कीटक करतात.

आता मुख्य शंका : त्याच माश्या परत येतात का? कामकरी माशी जगते काही आठवडे. मोहोळ पावसाळ्याच्या तोंडावर उठतं आणि पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे परततं. म्हणजे गेलेल्यांपैकी एकही कामकरी परतायला जिवंत नसते. राणीचं आयुष्य मात्र मोठं असतं. 2000 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मोहोळांची जनुकं तपासली, तेव्हा आग्याची कुटुंबं खरोखरच आपल्या जुन्या जागी परतत असल्याचं दिसलं. यावरून राणीच वाट दाखवत असणार असं वाटेल, पण राणी हुकूम सोडत नाही. ती अंडी घालते. जागा ठरवण्याचं काम कामकरी माश्यांचं. ज्या माशीने ती जागा कधी पाहिलेली नाही तिला ती कशी सापडते, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. भिंतीला राहिलेल्या जुन्या मेणाच्या वासावर बऱ्याच जणांचा संशय आहे.

तुमच्या बाबतीत शक्यता दोनच. मागल्या वर्षी फवारणीने राणीसकट मोहोळ मेलं असेल, तर यंदाचं कुटुंब दुसरंच आहे. चांगली जागा रिकामी दिसली म्हणून आलं. नुसतं पोळं कापलं असेल, तर राणी वाचली आणि परतली. दोन्हींत सूड बसत नाही. जी कामकरी हयातच नाही ती सूड उगवणार कसा?

मग त्या अंगावर येतात कशाला? मधमाशीची नांगी हा मुळात अंडी घालण्याचा अवयव. तिचं पुढे हत्यार झालं. त्यामुळे नराला नांगीच नसते. कामकरीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती आपल्या कातडीत रुतते, तुटते आणि विषाच्या पिशवीसकट तिथेच राहते. माशी मरते, पण पिशवी विष ढकलत राहते. म्हणून नांगी कशीही का होईना, पण लगेच काढा. नखाने की कार्डाने, या वादात वेळ घालवू नका. तुटलेल्या नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो इतरांना तिथेच बोलावतो. एका डंखाचे पन्नास होतात ते यामुळे. गांधीलमाशी याच गणातली (मुंगीसुद्धा!), पण तिची नांगी अशी अडकत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसू शकते. घरातली माशी मात्र या गोतावळ्यात नाही. तिला पंख दोनच, मधमाशीला चार.

पोळ्यावरून सरसर लाट फिरताना दिसली तर घाबरू नका. माश्या ओळीने पोट उचलतात, त्याची ती लाट असते, आणि ती बहुधा घिरट्या घालणाऱ्या गांधीलमाशीला हुसकण्यासाठी असते.

मोहोळ जिन्यापासून आणि वावरापासून दूर असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबा. ते आपोआप उठेल. तोवर त्या बाल्कनीत धूर, फटाके, अगरबत्ती काही नको. काढणं भागच असेल तर विष मारणाऱ्याला बोलावू नका, जाणकार गाठा. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे विचारता येईल. मोहोळ उठल्यावर स्लॅबवरचं मेण खरवडून तिथे रंग मारा.

आणि रात्री घरात एखादी आग्या शिरली, तर तो हल्ला समजू नका. चांदण्या रात्री बाहेर पडून फुलं धुंडाळणारी ही माशी, तुमच्या ट्यूबलाइटकडे चुकून वळते. खोलीतला दिवा मालवा, गॅलरीचं दार उघडं ठेवा.