कज्जा आणि सलोखा

आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील काही मुलेमुली आता कायद्याच्या वर्गात बसू लागली आहेत. तेथे ‘पर्यायी तंटानिवारण’ हा विषय सक्तीचा असतो. केवळ परीक्षेपुरते त्याकडे पाहू नये, एवढ्यासाठी हा पाठ.

प्रथम भेद ध्यानात घ्यावा. लवाद पुरावा पाहून निवाडा देतो व तो उभयपक्षी बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही; तो पक्षांनाच तोडीवर आणतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते. तिच्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोड न झाल्यास दावा पुन्हा कोर्टात जातो. लोकअदालतींना आधार 1987 च्या कायद्याचा, लवादाला 1996 च्या, मध्यस्थीला 2023 च्या.

ही रीत आपल्याला परकी नाही. मराठेशाहीत पंचायत बसण्यापूर्वी वादी-प्रतिवादी ‘राजीनामा’ लिहून देत. म्हणजे पंचांचा निवाडा मानू, अशी कबुली. आज तो शब्द बहुधा नोकरी सोडतानाच आठवतो! 1879 च्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने सावकार-कुळांच्या कज्जांत सलोखा करविणारे नेमण्याची सोय केली. 1982 साली गुजरातेत उना येथे लोकअदालत भरली.

आमच्या दोन चाचांनी खानदेशातील एका सामाईक भिंतीपायी अकरा वर्षे कोर्ट केले. भिंत धाकट्यांची ठरली. पण तोवर थोरले हयात नव्हते. त्या ईदेला धाकटे चाचा दाराशी नुसते उभे होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

तथापि सलोखा म्हणजे दुबळ्याने गप्प बसणे नव्हे. मार खाल्लेल्या सुनेला ‘घरातच मिटवा’ म्हणणे हे तंटानिवारण नाही. गुन्ह्यांचे खटले आणि गंभीर फसवणुकीचे आरोप असलेले दावे सामान्यतः या मार्गास योग्य नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2010 साली सांगितले आहे.

आता स्वाध्याय. गोडादऱ्यातील आपल्या गल्लीतला एखादा तंटा घ्यावा : थकलेली मजुरी म्हणा, पाण्याचा नळ म्हणा. नावे गाळून तो दोन्ही बाजूंनी लिहून काढावा. मग विचारावे : दोघे खुषीने आले आहेत काय? दोघांना निर्भयपणे बोलता येते काय? ठरलेले दोघांनाही पाळता येईल काय? तिन्ही उत्तरे ‘होय’ आली, तरच तडजोडीचा कागद पुढे करावा. एकही ‘नाही’ आले, तर कोर्टाची वाट दाखविणे हेच वकिलाचे कर्तव्य होय.