सायकलस्वाराने कोणती यंत्रे घ्यावीत?

आमच्या शाळेतील नववीचा एक विद्यार्थी दिवाळीच्या सुटीपूर्वी आम्हांकडे एक यादी घेऊन आला. तीत वेग मोजणारा सेन्सर, पेडलच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर, हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा, जी.पी.एस. संगणक व पॉवर मीटर अशी पाच नावे होती. शेवटच्या एकट्याचीच किंमत त्याच्या सायकलीहून अधिक. वडील घेऊन देण्यास राजी होते; परंतु त्यापायी घरातील एक आवश्यक खर्च पुढे ढकलावा लागणार होता. सांगलीस राहणाऱ्या त्याच्या मामेभावानेही हीच यादी केली होती. दोघांस एकच उत्तर द्यावे असे प्रथम आम्हांस वाटले. विचाराअंती ते चुकीचे ठरले.

साताऱ्याचा मुलगा शहर सोडून यवतेश्वराचा घाट चढू लागला की वेगाचा आकडा त्यास फारसे काही सांगत नाही. चढ तीव्र झाला की वेग उतरतो, श्रम मात्र वाढतात. मग श्रम मोजणारा पॉवर मीटर हवाच, असे कोणी म्हणेल. हे यंत्र पेडलच्या दांड्यास किंवा आसास पडणारा अतिसूक्ष्म पीळ मोजून त्यावरून शक्ती काढते. परंतु घाटात हे काम घड्याळ व पदार्थविज्ञानाचे पुस्तक पुष्कळ अंशी करू शकते. समजा, मुलगा व सायकल मिळून वजन ६५ किलो असून तो ४५ मिनिटांत ३०० मीटर उंची चढला. ६५ × ९.८ × ३०० म्हणजे १,९१,१०० ज्यूल कार्य झाले. त्यास २,७०० सेकंदांनी भागिले असता सुमारे ७१ वॉट येतात. टायरचे घर्षण व वाऱ्याचा विरोध यांत धरलेला नाही. तथापि चढावर वेग अल्प असल्याने वाऱ्याचा भाग लहान असतो. तोच घाट महिन्याने पुन्हा चढावा व वेळ ताडून पाहावी.

सांगलीची गोष्ट निराळी. सांगली-मिरजेचा रस्ता सपाट. तेथे सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा. जाताना वारा पाठीशी असला तर वेग फुकट मिळतो, परतताना तितकेच श्रम करूनही तो हाती लागत नाही. वरील गणित येथे लंगडे पडते. म्हणजे पॉवर मीटरची खरी गरज डोंगरातल्यापेक्षा मैदानातल्या मुलास अधिक! तरीही त्याने आरंभ पेडलच्या फेऱ्यांपासून करावा. सपाटीवर जड गिअर रेटीत गुडघे दुखविण्याची खोड पुष्कळांस असते. मिनिटास ८० ते ९० फेऱ्या राखण्याचा सराव बरा. एक गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजून चौपट केले की यंत्रावाचूनही आकडा मिळतो. (याच जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा प्रारंभ १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून झाला, हे येथे सहज आठवले.)

हृदयाच्या ठोक्यांसाठी मात्र दोघांसही आम्ही एकच सांगितले. मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा चढउतार पाहते. मूठ आवळलेली, रस्ता खडबडीत व हवा गार असली की ते फसते. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत्संकेतच टिपतो, म्हणून तो अधिक भरवशाचा. बांधण्यापूर्वी ओलावा एवढेच. फिनलंडमधील पोलार कंपनीने असे बिनतारी यंत्र १९८२ साली बाजारात आणिले. २२० मधून वय वजा करून येणारी कमाल मर्यादा केवळ अंदाज आहे. व्यक्तीगणिक दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तो आकडा गाठण्यासाठी मुलांनी जिवाचा आटापिटा करू नये. चक्कर आली किंवा छातीत दुखले तर यंत्राकडे न पाहता उतरावे व घरी सांगावे.

यंत्रावरील आमचाही विश्वास एकदा फजितीस कारण झाला. आम्ही वेगाच्या सेन्सरसाठी चाकाचा परीघ २,१०५ मिलिमीटर असा पुस्तकातून उतरून घेतला. आमच्या चाकाचा खरा परीघ २,०५० निघाला! कित्येक आठवडे आम्ही प्रत्येक शंभर किलोमीटरमागे पावणेतीन किलोमीटर फुकटचे मिरवीत होतो. टायरवर खडूची खूण करून, सायकलीवर बसून, चाक एक फेरा फिरवावे व जमिनीवरील दोन खुणांमधील अंतर फुटपट्टीने मोजावे. उंची सांगणाऱ्या यंत्राचेही असेच. ते हवेच्या दाबावरून उंची ठरविते; पावसाळी हवेत दाब तीन मिलिबारने उतरला, तर घरी स्वस्थ बसलेला मुलगाही सुमारे २५ मीटर चढला असे ते सांगेल. निघताना ज्ञात उंचीशी ते जुळवून घ्यावे.

खरेदीपूर्वी सेन्सर व मोबाईल यांची बिनतारी भाषा एक आहे की नाही, हेही पाहावे. अँट प्लसचे संकेत पुष्कळ मोबाईलांस कळत नाहीत, ब्लूटूथचे कळतात.

अखेरीस साताऱ्याच्या मुलाने यादीतील चार नावे खोडली. छातीचा पट्टा ठेविला, आणि घाटातील धुक्यासाठी मागचा तांबडा दिवा नव्याने लिहिला. मामेभाऊ अद्याप पॉवर मीटरवर अडून आहे. तूर्त तो मिरजेच्या वाटेवर गुडघा मोजीत असतो.