कीपर पुढे होता

सामना हरून घरी आलो त्या रात्री साडेनऊला मी मोबाईलवर एक स्टेटस ठेवलं. ‘उद्या चौकात या, मग खेळू टायब्रेकर.’ एवढीच ओळ. त्या ओळीची किंमत माझ्या धाकट्या भावाचा मुलगा अजून मोजतोय. आपल्या संघावर जीव टाकणाऱ्यांनी, विशेषतः माझ्या वयाच्या माणसांनी, हे शेवटपर्यंत वाचावं म्हणून लिहितो आहे.

कोल्हापूरबाहेरच्यांना आमचं फुटबॉल समजावून सांगावं लागतं. इथे संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावं मूळची कुस्तीच्या आखाड्यांची. ज्या तालमीत गणपती बसतो, मोहरमला पंजे बसतात, त्याच तालमीच्या खोलीत फुटबॉलचे बूट आणि जर्सी टांगलेल्या असतात. त्यामुळे राजर्षी शाहू स्टेडियमवर अकरा खेळाडू हरत नाहीत, अख्खी पेठ हरते. आमच्याकडे याला एकच शब्द आहे, ईर्षा. वडील मला खांद्यावर बसवून सामन्याला न्यायचे. आमच्या संघाचा रंग मी अक्षरओळखीच्या आधी शिकलो.

त्या वर्षी घरात काही धड नव्हतं. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. ऑर्डरी कमी झाल्या, ओव्हरटाइम बंद झाला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. थोरलीची फी हप्त्यानं भरत होतो. सुपरवायझरसमोर तोंड उघडायची सोय नव्हती आणि घरी कुणावर ओरडणार? गॅलरीत मात्र ओरडायला कुणी अडवत नाही. आठवडाभर गिळलेलं सगळं मी तिथे ओकायचो आणि त्याला संघावरचं प्रेम म्हणायचो.

संघावरही राग होताच, आणि तो खोटा नव्हता. वर्गणी आम्ही द्यायची, आणि मोसमापुरते बाहेरून आणलेले खेळाडू पहिल्या अकरात. पेठेतली चार पोरं, रोज पहाटे मैदानावर घाम गाळणारी, शेवटच्या दहा मिनिटांत उतरायची, तीही संघ पुढे असेल तरच. बाहेरचे खेळाडू नकोत असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. परदेशातून आलेल्या पोरांनी इथल्या पोरांना पुष्कळ शिकवलं आहे. पण ज्या गावातून अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, त्या गावातल्या तालमीनं आपल्या पोराला बाकावर कुजवावं, हे मला आजही पटत नाही. ही तक्रार तालमीच्या बैठकीत मांडायची होती. मी ती पानपट्टीवर मांडत राहिलो.

त्या दिवशीचा सामना बरोबरीत सुटला, टायब्रेकर लागला. त्यांच्या शेवटच्या पेनल्टीला आमच्या कीपरनं डावीकडे झेप घेऊन चेंडू पंजानं बाहेर काढला. गॅलरी उसळली. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसानं मला उचललं. आणि रेफ्रीची शिट्टी वाजली. कीपर रेषेच्या पुढे आला होता म्हणून पेनल्टी पुन्हा. दुसऱ्या वेळी गोल झाला. आम्ही बाहेर. “रेफ्री विकला गेला,” पहिली आरोळी माझी होती, हे मी लपवणार नाही.

स्टेटस त्या रात्रीचं. सकाळी ते चार ग्रुपवर फिरलेलं होतं. संध्याकाळी दुसऱ्या पेठेतली वीस-पंचवीस पोरं चौकात आली, आमच्याकडची तेवढीच जमली. शब्दाला शब्द वाढला. पहिला दगड कुणी मारला ते मला आजही सांगता येणार नाही. मी पुढे होतो, मुठी आवळून. पुतण्या अभ्यासिकेतून घरी चालला होता, पाठीला दप्तर. तो माझा दंड धरून ओढायला लागला, “तात्या, चला घरी. तात्या, चला.” मी त्याचा हात झिडकारला. दुसऱ्यांदा त्यानं पकडला तेव्हा समोरच्या गच्चीवरून कुणीतरी मोबाईलवर चित्रण करत होतं. त्या चित्रणात तो गर्दीच्या मधोमध दिसतो. तोंड उघडं, हात वर. ओढतोय की धावून जातोय, कसं कळणार?

गुन्हा दाखल झाला. बेकायदा जमाव, दंगल, कलमं 143, 147, 149. माझंही नाव, त्याचंही. तेव्हा जुनी दंड संहिता होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे याच गोष्टी 189 ते 191 या कलमांत आहेत. पाच किंवा अधिक माणसं वाईट हेतूनं जमली की जमाव बेकायदा ठरतो. त्या हेतूपायी एकानं गुन्हा केला, तर जमावातला प्रत्येक जण त्याचा धनी होऊ शकतो. ‘मी दगड मारला नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही. नुसतं उभं राहून मोबाईलवर चित्रण करणाऱ्या पोरांनाही नंतर चौकीच्या चकरा माराव्या लागल्या. म्हणून सांगतो, गर्दी तापायला लागली की बघायला थांबू नका. मागच्या गल्लीनं निघा. घरातल्या कुणी आपल्याला ओढून न्यायला यावं, अशी वेळही येऊ देऊ नका. आपणच तिथे नसावं.

पुतण्या पोलीस भरतीची तयारी करत होता. दीड वर्ष पहाटे पाचला उठून 1600 मीटर पळायचा, मग गोळाफेक, मग लेखीचा अभ्यास. पुढे मैदानीत आणि लेखीत तो बसला, यादीत नाव लागलं. मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ तालमीतल्या एका जाणत्यानं सल्ला दिला, “नाही म्हणून लिही, कोण बघतंय!” पोरानं ऐकलं नाही, खरं लिहिलं. तेच बरोबर होतं. वकिलांनी सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग खटल्यातला निकाल आहे. खरं लिहिलं तरी नेमणूक द्यायची की नाही हे सरकार तपासून ठरवतं, पण लपवलेलं उघडकीला आलं तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. त्याची नेमणूक अडकली. त्याच्या मागच्या नंबरची पोरं ट्रेनिंगला गेली.

दोन्ही पेठांतल्या मोठ्यांनी बसून हात मिळवले. आम्हाला वाटलं, झालं, मिटलं. पण दंगलीचा गुन्हा आपण हात मिळवले म्हणून चौकीत मिटत नाही. तो कोर्टातच जातो आणि कोर्टाच्या चालीनं चालतो. तुमच्या घरात असं काही झालंच, तर पहिल्या दिवसापासून फिर्यादीची प्रत, जामिनाचा कागद, प्रत्येक तारखेचा उतारा एका फाइलीत ठेवा. आम्ही हे वर्षभरानं सुरू केलं आणि दोन कागद शोधायला तीन महिने घालवले.

मी सामने बघणं सोडलं नाही. सोडा असं कुणाला सांगणारही नाही. पण सामना संपला की फोन बंद करतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो. स्टेडियमवरून सरळ पेठेत जात नाही, रंकाळा तलावाला एक फेरी मारून जातो. तेवढ्या वेळात समजतं की छातीत धडधडतंय ते सामन्याचं आहे की सुपरवायझरचं. सुपरवायझरचं असेल तर ते बायकोला सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “हे आधी बोलला असता तर?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि संघाची तक्रार कागदावर लिहून बैठकीत नेतो. गेल्या मोसमाआधी आम्ही बारा सभासदांनी सह्या करून अर्ज दिला, पेठेतली किमान तीन पोरं पहिल्या अकरात हवीत. वाद झाला, आवाज चढले, पण दोन पोरं घेतली गेली. त्यातला एक आमच्याच गल्लीतला. त्यानं पहिला पास दिला तेव्हा त्याची आई गॅलरीत माझ्या मागेच बसली होती.

तारखेला मी पुतण्याबरोबर कसबा बावड्याला न्यायसंकुलात जातो. गेल्या वेळी बाकावर आमच्या शेजारी पलीकडच्या पेठेतला एक पोरगा बसला होता, त्याच खटल्यातला. त्याची बँकेची नोकरी अशीच अडकली आहे. पुकारा व्हायला वेळ होता. दोघं चहा घेऊन आले, माझ्यासाठीही एक कप आणला, आणि रविवारच्या सामन्याचं बोलायला लागले. बोलता बोलता त्या पोरानं मोबाईलवर त्या टायब्रेकरची क्लिप काढली आणि थांबवली. कीपरचा निदान एक पाय रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा रेषेच्या मागे लागतो, चेंडूला लाथ बसायच्या क्षणी. आमच्या कीपरचे दोन्ही पाय रेषेच्या हातभर पुढे होते.

पुतण्यानं माझ्याकडे बघितलं. “तात्या, कीपर पुढे होता काय?”

“होता,” मी म्हणालो.