दाखल करायची वेळ येते तेव्हा

मनोरुग्णाला दवाखान्यात न्यायचं ठरलं की घरातली माणसं बहुतेक वेळा एक थाप मारतात. "डोळे तपासून येऊ." "मामांच्या ओळखीच्या एका साहेबांना भेटायचंय, नोकरीचं बघतायत." "गाणगापूरला जाऊन येऊ." गाडी रुग्णालयाच्या फाटकातून आत वळली की त्याला सगळं कळतं. 'आपलेच लोक आपल्यावर उठलेत' हा संशय आजारानं आधीच त्याच्या डोक्यात पेरलेला असतो, आणि आता त्याला पुरावाही मिळतो. पुढचे कितीतरी दिवस सिस्टरच्या हातची गोळी घेताना त्याला ती थाप आठवत राहते. म्हणून सरळ सांगा. "चार रात्री तू झोपला नाहीस, एकटाच बोलतोस, आम्हाला भीती वाटतेय, डॉक्टरांकडे नेतोय." तो चिडेल. चिडू दे. चिडलेल्या माणसाला समजावता येतं, फसवलेल्याला समजावणं फार अवघड जातं.

तो आवरेनासा झाला असेल तर 108 ला फोन करा. पोलिसांची मदत घेता येते, तो गुन्हेगार आहे म्हणून नव्हे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाला आरोग्यसेवेपर्यंत पोचवणं हे कायद्यानं त्यांचं काम आहे, आणि अशा माणसाला ते कोठडीत ठेवू शकत नाहीत.

जीव द्यायचा प्रयत्न झाला असेल तर आधी जवळचं सर्वसाधारण रुग्णालय गाठा. शरीर सावरल्यावर मनोविकारतज्ज्ञ. तिथं एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, होते, पोलिस जबाब घेतात, आणि नेमक्या त्या वेळी काका पुढे होऊन सांगतात, "चुकून घेतलं हो, खोकल्याचं औषध समजून." असं करू नका. केसपेपरवर 'चुकून' लिहिलं गेलं तर मनोविकार विभागाला निरोपच जात नाही आणि पेशंट दोन दिवसांत घरी येतो, जसा गेला तसाच. खटल्याच्या ज्या भीतीपोटी हे लपवलं जातं तिला आता आधार उरलेला नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधलं कलम 115 सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही. जुलै 2024 मध्ये भारतीय न्याय संहिता आली तेव्हा असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंडविधानातलं जुनं 309 कलमही गेलं.

दाखल करायचं म्हणजे ठाणे किंवा येरवडाच, असं अजूनही अनेकांना वाटतं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. नागपूरचं 1864 चं, ठाण्याचं 1901 चं. इमारती जुन्या, आणि त्यांच्याबद्दलच्या दंतकथा त्याहून जुन्या वाटाव्यात अशा. पण आज सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो, बऱ्याच जिल्हा रुग्णालयांतही सोय असते, खासगी नर्सिंग होम आहेत. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही मनोविकार संस्था आहे. संकट पहिलंच असेल तर मी सर्वसाधारण रुग्णालयातल्या मनोविकार विभागाकडे झुकतो. तिथं इतर तज्ज्ञ हाताशी असतात, आणि पहिल्या वेळी त्यांची गरज पडते.

कारण पहिले एक-दोन दिवस तपासण्यांचे. "डोकं बिघडलंय, आणि हे रक्त कसलं काढतायत?" असं नातेवाईक वैतागून विचारतात. साखर घसरली, सोडियम कमी झालं, मेंदूत संसर्ग झाला, तरी माणूस असंबद्ध बोलायला लागतो. थायरॉइड आणि बी12 चं कमी-जास्त मनावर उतरतं. सत्तरीच्या आजोबांना एकाएकी भास व्हायला लागले तर मी आधी लघवीची तपासणी पाहतो. आणि दारू. घरचे दारूचा आकडा नेहमी निम्मा सांगतात. रोज पिणाऱ्याची दारू दाखल झाल्यामुळे अचानक सुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, फिट येते, क्वचित जीवही जातो. आधी कळलं तर हे औषधानं टाळता येतं. गांजाचंही सांगा. डॉक्टरला सांगितलेलं गुप्त राखणं कायद्यानं बंधनकारक आहे.

आता सहीचा प्रश्न. पेशंट स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीनं दाखल होतो आणि स्वतः सांगून घरीही जाऊ शकतो. धोका वाटला तर डॉक्टर त्याला तपासणीसाठी 24 तास थांबवू शकतात. आजार इतका वाढलेला असेल की स्वतःच्या उपचारांबद्दल ठरवणंच त्याला जमत नाही आणि धोका स्पष्ट दिसतोय, तर त्यानं नेमलेला प्रतिनिधी अर्ज करतो. त्यानं कुणाला नेमलं नसेल तर सहसा घरातलंच माणूस. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी पेशंटला वेगवेगळं तपासावं लागतं आणि त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञच असावा लागतो. ही मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. दाखल केल्याचं मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत, इतरांचं 7 दिवसांत. पेशंट स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो. त्याचे निर्णय त्याला घेता येतायत का, हे डॉक्टरांनी दर आठवड्याला पुन्हा पाहायचं असतं. "आम्ही सह्या केल्यात, आता सहा महिने ठेवा" अशी मागणी माझ्याकडे अधूनमधून येते. तसं ठेवता येत नाही, आणि येत नाही हे बरंच आहे.

आत काय होतं? पहिल्या दिवशी पिशवी तपासतात. पट्टा, पायजम्याची नाडी, ओढणी, ब्लेड, चार्जरची वायर, काचेची बाटली काढून घेतात. आईला हे अपमानास्पद वाटतं, पण वॉर्डमध्ये शेजारच्या कॉटवरही कुणीतरी संकटात असतं. काही वॉर्डांत एक नातेवाईक सोबत राहतो, बंद वॉर्डात राहता येत नाही. हे दाखल करतानाच विचारून घ्या. सकाळी चहा, गोळ्या, राउंड. गोळी गिळली का हे सिस्टर तोंड उघडायला लावून बघतात. दुपारी कॅरम, कागदकाम, कुठं बागकाम. बाकीचा वेळ रिकामा, आणि तो फार लांब वाटतो. डॉक्टर दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटं भेटतात. तासभर समोर बसवून मन मोकळं करायला लावतील अशी अपेक्षा घेऊन आलात तर निराश व्हाल. पहिल्या आठवड्यात झोप, जेवण आणि सुरक्षितता एवढ्याचीच घडी बसते. बोलण्याचे उपचार पुढे, मन जरा थाऱ्यावर आल्यावर.

वॉर्डमधले मामा-मावशी कसे वागतात यावर पेशंटची पुढची मर्जी ठरते, हे मी अनेकदा पाहिलंय. साखळीनं बांधायला कायद्यानं पूर्ण बंदी आहे, डोक्याचे केस जबरदस्तीनं काढता येत नाहीत. पेशंटला स्वतःचे कपडे वापरण्याचा आणि बाहेर फोन करण्याचा हक्क आहे. तात्पुरतं आवरून धरावं लागलं तर दुसरा इलाज नसतानाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं, आणि नोंद करून. शिक्षा म्हणून कधीच नाही. भेटायला गेलात की पेशंट काय सांगतो ते ऐकून घ्या. 'आजारातलं बोलतोय' म्हणून त्याची प्रत्येक तक्रार मोडीत काढू नका.

औषधांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण अर्ध्याहून अधिक गैरसमज इथंच. सुरुवातीच्या इंजेक्शननं माणूस झोपतो. चार-पाच दिवस झोपेतच असल्यासारखा वाटतो आणि भेटायला आलेली आत्या म्हणते, "गुंगी देऊन पाडून ठेवलाय." ही गुंगी बहुधा ओसरते. ओसरली नाही तर डोस जास्त आहे, विचारा. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं कधीकधी मान एका बाजूला वळते, जीभ जड होते, डोळे वर चढतात. दिसायला भयंकर असतं, आणि बाहेरची बाधा झाली म्हणून पेशंटला उचलून नेणारी कुटुंबंही मी पाहिलीत. सिस्टरला हाक मारा. त्यावर इंजेक्शन आहे आणि थोड्या वेळात मान सरळ होते. ओलान्झापिननं भूक खवळते. मुलगा पोटभर जेवतोय म्हणून आई खूश, आणि सहा महिन्यांत त्याचा शर्ट बदलावा लागतो. वजन आणि साखर सुरुवातीपासून मोजत राहा.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. त्या आधी "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका. लिथियम सुरू झालं तर रक्तातली पातळी वेळोवेळी तपासावी लागते. शरीरातलं पाणी घटलं की ही पातळी चढते. निर्जळी उपवास, वारीतलं ऊन, जुलाब, मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी, यांतलं काहीही पातळी चढवायला पुरतं. हातांची थरथर वाढली, उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि शॉक. हिंदी सिनेमानं आमच्या या उपचाराचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुणीच केलं नसेल. ईसीटी आता भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊनच करतात. त्याशिवाय देणं बेकायदेशीर आहे. अल्पवयीन मुलांना पालकांची संमती आणि मंडळाची परवानगी असल्याशिवाय देता येत नाही. रात्रीपासून उपाशी ठेवतात, सकाळी काही मिनिटांत आटोपतं, आठवड्यातून दोन-तीनदा, सहसा सहा ते बारा वेळा. त्या दिवसांतलं काही आठवत नाही अशी तक्रार होते, काहींना आधीच्या काही आठवड्यांतलंही पुसट होतं, आणि ती तक्रार खरी असते. पण जेवणखाण सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, मरणाचाच विचार करणाऱ्या माणसाला इतक्या लवकर उठवणारं दुसरं साधन माझ्याकडे क्वचितच असतं. नको असेल तर स्पष्ट नको म्हणा आणि दुसरा उपाय काय ते विचारा.

बहुतेकांचा मुक्काम एक ते तीन आठवड्यांचा. आणि मला मुख्यतः जे सांगायचंय ते यापुढचं आहे. "पूर्ण बरा करूनच पाठवा," असं वडील म्हणतात. रुग्णालय पूर्ण बरं करत नाही. पुरात अडकलेल्याला काठावर आणून सोडावं, तेवढंच त्याचं काम. आत्महत्येचा धोका सर्वांत जास्त असतो तो रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि पुढच्या तीनेक महिन्यांत. नेमकं तेव्हाच घर सुटकेचा श्वास टाकतं, भाऊ पुण्याला परत जातो, आई मंदिरात नारळ फोडून येते. वॉर्डात रात्रंदिवस कुणीतरी लक्ष ठेवून होतं. घरी मागच्या खोलीत तो एकटा, हातात डिस्चार्ज कार्ड, आणि शेजारच्या काकू विचारतायत, "कुठं होतास रे इतके दिवस?"

म्हणून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना गाठा. निदान काय लिहिलंय, गोळ्या कोणत्या, कोणती बंद झाली, किती दिवसांच्या दिल्यात, हे पेशंटला समोर बसवून समजून घ्या. फॉलो-अपची पहिली तारीख आठवड्याच्या आतली मागा. पंधरा दिवसांनी या म्हणाले तर मधे फोन कुणाला करायचा ते विचारा. गोळ्या एका माणसाच्या ताब्यात, कुलपात. शेतात मारायची औषधं राहत्या घरात ठेवूच नका, गोठ्यातही नको, शेजाऱ्याकडे द्या. "तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?" हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्यानं ते विचार येत नाहीत. आलेले असले तर बोलायला वाट मिळते.

चहात गोळी मिसळून देऊ नका. एक दिवस त्याला कळतंच, मग चहाही सुटतो आणि गोळीही. रोजची गोळी जमतच नसेल तर दोन-चार आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत, ती विचारा. दोन महिन्यांत माणूस छान हसतोय, बोलतोय म्हणून गोळ्या परस्पर बंद करणं हे पुन्हा दाखल होण्याचं मला रोज दिसणारं कारण. दुसरं कारण लग्न. "लग्न लावून दिलं की सुधारेल," म्हणून आजार लपवून मुलीचं लग्न उरकतात, गोळ्या सासरी दिसू नयेत म्हणून बंद करतात. मग ती मुलगी हळद फिटायच्या आत ओपीडीत माझ्यासमोर असते, आणि या वेळी तिच्या सोबतीला कुणीच नसतं.

कॉलेजला किंवा ऑफिसला दाखला हवा असेल तर 'अमुक दिवस रुग्णालयात उपचार घेत होते' एवढा मजकूर रजेसाठी सहसा पुरतो. निदान लिहिलंच पाहिजे असं नाही, तसं डॉक्टरांना सांगा. वैद्यकीय विम्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे असं 2017 चा कायदा म्हणतो. दावा नाकारला तर कारण लेखी मागा, 'मानसिक आजार बसत नाही' एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

माणूस सावरला, म्हणजे दोन-चार महिन्यांनी, की त्याच्याशी बसून एक कागद करा. पुन्हा असं झालं तर कोणती लक्षणं आधी दिसतात, कोणतं औषध सोसलं, कशानं मान वाकडी झाली, कुठं दाखल व्हायला चालेल, निर्णय कुणी घ्यायचा. 18 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही असा आगाऊ निर्देश लिहून ठेवायची आणि आपला प्रतिनिधी नेमायची तरतूद कायद्यात आहे. त्याचा रीतसर नमुना रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक समजावून देतील. बायको नको, धाकटी बहीण हवी असं त्यानं लिहिलं तर रागावू नका. फॉलो-अपचा डॉक्टर लांब असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारून ठेवा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पेशंटनंच फोन करायला हवा असं नाही. तुम्ही केलात तरी चालतो.