खोकडाचा पंचनामा

मुक्काम भोर

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र परवा पोहोचले. पुण्याची नोकरी सोडून कापूरहोळच्या आपल्या माळावर तू शेळ्या-कोंबड्यांचा व्यवसाय मांडलास, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांपैकी ज्या एकाने तुझी पाठराखण केली तो मी होतो. म्हणून एका पंधरवड्यात अकरा कोंबड्या आणि एक करडू गेल्याचा तुझा हिशेब वाचताना मला झालेले दुःख केवळ उपचाराचे नव्हते. परंतु पत्राच्या अखेरीस तू दरखास्त केली आहेस, की आजोबांच्या नावाची जी एकनळी त्यांच्या पश्चात ठाण्यात जमा आहे ती तुझ्या नावे व्हावी म्हणून मी वारस या नात्याने ना-हरकत लिहून द्यावी, म्हणजे तू ‘या कोल्ह्यांचा एकदाचा निकाल’ लावशील. हयात कचेरीत घालवलेल्या माणसाला निकाल हा शब्द वाचला की फिर्याद, जबान्या आणि मुद्देमाल यांची आठवण होते, आणि तुझ्या पत्रात या तिहींपैकी फक्त पहिली आहे.

प्रथम आरोपी कोण ते पाहू. ‘मांजरापेक्षा थोडा मोठा, अंगाने सडसडीत, भुरकट, कान मोठे, झुपकेदार शेपटीचे टोक काळे, दिवेलागणीला बांधावरून गेला,’ असे तू लिहितोस. बाळ, हा कोल्हा नव्हे, हे खोकड. कोल्हा आठ-दहा किलोंचा, गावकुत्र्याच्या बांध्याचा. खोकड जेमतेम अडीच-तीन किलोंचे. चार पायांचे, निमुळत्या तोंडाचे आणि संध्याकाळी दिसणारे जे काही ते कोल्हा, असे आपण सरसकट म्हणतो, आणि याचा थोडा दोष मी पुस्तकांकडेही देतो. बापू छत्र्यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली. त्या कथांतला परदेशी लबाड आपल्याकडे कोल्हा होऊन बसला, आणि पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे जंबुक आधीपासून बदनाम होतेच. दोन्हींकडची अपकीर्ती अशी एका नावावर जमा झाली, आणि ज्या बिचाऱ्या खोकडाची कोणत्याच कथेत जबानी नाही त्याच्या माथी ती वारसाहक्काने आली. आपल्या कुणब्यांची म्हण मात्र अधिक प्रामाणिक आहे. कोल्हा काकडीला राजी असे ती म्हणते, आणि मळ्यात रात्र काढलेल्या माणसाखेरीज ती कोणाला सुचली नसती.

आता जी गोष्ट मी तुझ्या वडिलांनाही कधी नीट सांगितली नाही ती सांगतो. तू मागितलेल्या बंदुकीतून मी आयुष्यात एकच बार काढला. त्या वेळी मी सतरा वर्षांचा असेन. भोर संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये विलीन झाले, आमचे वडील संस्थानी दफ्तरातून मुंबई सरकारच्या कचेरीत रुजू झाले, त्यालाही आठ-नऊ वर्षे लोटली होती. माघाचा महिना होता. परसातल्या खुराड्यातून दर दोन-तीन दिवसांनी एक कोंबडी नाहीशी होत असे, आई हळहळत असे, आणि मी, ज्याला त्या वयात आपल्या हातून काहीतरी पराक्रम घडावा असे सारखे वाटते असा मुलगा, वडिलांची नजर चुकवून एकनळी घेऊन कडब्याच्या गंजीवर जाऊन बसलो. चांदणे पडले होते. मध्यरात्रीनंतर बांधाच्या बोरीखाली काहीतरी हलले, मी बार काढला, आणि ते जागच्या जागी पडले. आवाजाने सारी आळी जागी झाली. वडील कंदील घेऊन आले, त्यांनी बंदूक माझ्या हातून घेतली, नळी रिकामी असल्याची खातरजमा केली, आणि एक शब्दही न बोलता निजायला गेले.

सकाळी ओसरीवर बैठक घातलेली होती; तिच्यावर दौत, टाक आणि आखीव कागद. ‘पंचनामा लिही,’ असे म्हणून त्यांनी मला बसवले. शेजारचे दोन वृद्ध पंच म्हणून बोलावले होते. मयताचे वजन वाण्याच्या तागडीत पावणेतीन शेर भरले. मग वडिलांनी स्वतःच्या हाताने, चाकूने, त्याचे पोट उघडले आणि आतला एकेक जिन्नस काडीने बाजूला करून मला तपशीलवार लिहावयास लावले: उंदरांचे केस आणि दात, नाकतोड्यांच्या तंगड्या, वाळवीची पुष्कळ डोकी, बोरांच्या आठळ्या सात. कोंबडीचे पीस एकही नाही. शेवटी त्यांनी सांगितले, ‘लिही, मादी. अंगावर दूध.’ मी लिहिले. मग कागद हाती घेऊन त्यांनी विचारले, ‘गाव कोणते लिहिलेस?’ मी म्हणालो, ‘कापूरहोळ.’ त्यांनी कागदाची घडी केली आणि ते स्नानाला गेले.

त्या प्रश्नाचा अर्थ तुझ्या पिढीला कदाचित उलगडून सांगावा लागेल. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, आणि सईबाईसाहेबांची प्रकृती खालावलेली असल्यामुळे त्या बाळाला दूध पाजण्यासाठी जी धाराऊ गाडे गडावर गेली ती आपल्या कापूरहोळची. इतिहासात या गावाचे नाव आहे ते एका दूध-आईमुळे. आणि मी त्याच गावच्या शिवारात, कसलीही चौकशी न करता, दुसरीचा जीव घेतला होता. तिचे बीळ शोधीत मी दोन दिवस माळ तुडवला. खोकडाच्या बिळाला अनेक तोंडे असतात. मला एकही सापडले नाही. कोंबड्या मात्र जातच राहिल्या, आणि आठव्या दिवशी आईने खुराड्याच्या मागच्या भिंतीखालच्या भोकातून मुंगसाला बाहेर पडताना पाहिले. ते भोक एका धोंड्याने बुजले. धोंडा आमच्याच परसात पडलेला होता.

म्हणून तुला विचारतो, तू काय पाहिलेस? अकरा कोंबड्यांपैकी सात एकाच रात्री मेल्या आणि तिथेच पडून राहिल्या, असे तू ओघात लिहून गेला आहेस. सगळ्या पत्रात महत्त्वाचे वाक्य तेच. भुकेने आलेला प्राणी एक उचलतो आणि जातो. रानमांजर असेच करते, खोकडाला पिल्लू सापडले तर तेही असेच करील. मानेशी चावा घेऊन एकामागून एक मारीत सुटणे ही मुंगसाची किंवा उदमांजराची खोड. आणि चिंध्या करून, न खाता, अंगणभर विखरून टाकणे हे बहुधा पोट भरलेल्या कुत्र्याचे काम. करडाची गोष्ट वेगळी. अडीच किलोंचे खोकड आठ किलोंचे करडू मारून नेईल हे मला पटत नाही. करडाच्या गळ्यावर दोन खोल सुळे उमटले असतील आणि ओढत नेल्याची फरपट असेल तर बिबट्याचा संशय घे, वेल्ह्याकडच्या डोंगरांतून तो आता उसापर्यंत येतो. मागच्या मांड्या, शेपूट आणि कान फाडलेले असतील तर कुत्र्यांचा. कोल्हाही करडू मारतो, मी त्याची वकिली करीत नाही. पण कोल्ह्याचे पाऊल लांबट, पुढची दोन बोटे जवळजवळ, नखे टोकदार. कुत्र्याचे पसरट, नखे बोथट. एवढे पाहायला बंदूक लागत नाही, उकिडवे बसावे लागते.

कुत्र्यांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझा संशय तिकडेच आहे. पुणे-सातारा रस्त्यावरून भोरकडे आणि नारायणपूर-सासवडकडे फाटे फुटतात त्या आपल्या चौकात माझ्या लहानपणी गाड्यांचे बैल सुटत; आज ढाबे आहेत, चिकनची दुकाने आहेत, आणि त्यांची आतडी-पिसे ओढ्याच्या काठी टाकली जातात. त्या उकिरड्यावर पोसलेली वीस-पंचवीस कुत्री रात्री शिवारात उतरतात. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात अबी वनक या संशोधकांनी खोकडांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही माळावरच्या या प्राण्याला मोठा धोका गावकुत्र्यांचाच दिसला, त्यांच्या पाठलागाचा आणि त्यांच्या रोगांचा. आणि तू मला राग येईल म्हणून लिहिले नसशील, पण तुझ्या शेडमधली मेलेली पिल्ले कुठे जातात? मागे आलो होतो तेव्हा बांधापलीकडे फेकलेली मी पाहिली. मेजवानीचे आमंत्रण आपणच द्यावे आणि पाहुण्यांवर दरोड्याची फिर्यादही आपणच करावी, हे बरे दिसत नाही. हातभर खोल खड्डा, वर चुना आणि माती. ही तजवीज आजच कर.

विलायतेत शेतकरी कोंबड्यांसाठी आणि उघड्यावर जन्मणाऱ्या कोकरांसाठी फॉक्सला गोळी घालतात, हा तुझा दाखला खरा आहे. २००४ साली तिथे कायदा झाला तो कुत्र्यांच्या कळपाने शिकार करण्याविरुद्ध. बंदुकीची मुभा राहिली. पण त्यांचा फॉक्स आपल्या खोकडाच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा असतो. त्यांच्या रिवाजांची नक्कल आपल्या भूमीवर पूर्वीही झाली आहे: पुणे-खडकीच्या छावणीतले गोरे अधिकारी शिकारी कुत्रे बाळगीत, आणि इथे त्यांचा फॉक्स नाही म्हणून कोल्ह्यामागे ते सोडून शिंगे फुंकीत. लांडग्यांवर तर सरकारने इनामे लावली. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुन्या दफ्तरांतून काढलेला १८७१ ते १९१६ या काळात मारलेल्या लांडग्यांचा आकडा लाखाच्या घरात जातो. एवढी मुंडकी मोजून देऊनही मेंढपाळाची रात्रीची झोप काही परत आली नाही.

मेंढपाळाचे नाव निघाले म्हणून सांगतो. ज्याचे नुकसान खरोखर लांडगा करतो तो धनगर दिवाळीनंतर आपल्या भोरवरून घाट उतरून कोकणात जातो. त्याची सगळी दौलत रोज रात्री उघड्या रानात असते. बंदूक कुठे दिसते त्याच्याजवळ? वाघर असते, म्हणजे मेंढरांभोवती खुंट्यांवर ताणलेले जाळे; दोन-तीन दणकट कुत्री असतात; कोकरे वेगळी, डालग्याखाली असतात; आणि एक माणूस जागा असतो. इतके करूनही एखादे मेंढरू गेले तर तो शिव्या देतो, पण सकाळी वाडा हलवतो. त्याला मी साधू ठरवीत नाही. लांडग्याची पिल्ले बिळात कोंडल्याच्या गोष्टीही मी ऐकल्या आहेत. तरीही रात्री सांभाळण्याची विद्या कोणाकडून शिकायची असेल तर त्याच्याकडून. तुझ्या शेडला जाळी आहे, पण ती जमिनीवर टेकून सोडली आहेस. ती वीतभर नव्हे, हातभर जमिनीत पूर, बाहेरच्या अंगाला दुमडून. कोंबड्या मावळतीपूर्वी आत घाल. दाराला आडणा लाव. थायमेट घातलेले मांस टाकावे असे तुला चौकात कोणी सुचवले असेल, तर त्या मनुष्याला पुन्हा दारात उभे करू नकोस. ते विष कोण खाईल याची खात्री खुद्द टाकणाऱ्यालाही नसते.

कायद्याचे थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने खोकड, कोल्हा आणि लांडगा या तिघांनाही संरक्षण आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या, उदाहरणार्थ लांडग्याच्या, शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. माणसाचा जीव वाचवताना प्राणी मेला तर कायदा समजून घेतो. कोंबडी वाचवताना मेला तर नाही. एखादा कोल्हा भर दिवसा, लाळ गाळीत, माणसांवर धावून आला तर तो पिसाळलेला समज, दार लाव आणि वनखात्याला कळव. तो बंदोबस्त त्यांनी करावयाचा आहे. करडू वन्य प्राण्याने मारल्याचे ठरले तर बाजारभावाच्या पाऊणपटीपर्यंत, ठरलेल्या मर्यादेत, भरपाई मिळते. मात्र ४८ तासांत कळवावे लागते आणि मढे जागचे हलवायचे नसते. तू ते पुरून टाकलेस आणि मग बंदूक मागितलीस. माझ्या हाताखालच्या उमेदवार कारकुनाने असा क्रम केला असता तर मी त्याला पुन्हा अर्ज लिहावयास बसवले असते.

तेव्हा ना-हरकतीचा कागद कोराच परत पाठवीत आहे. त्यासोबत जाळीसाठी आणि दोन खुंट्यांच्या वाघरीसाठी थोडे पैसे आहेत. ते उसने समजू नकोस. येत्या शनिवारी मी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने कापूरहोळला उतरतो. शुक्रवारी रात्री शेडभोवती दोन हात रुंद चाळलेली राख पसरून ठेव, आणि सूनबाईला माझा निरोप सांग की मी पोहोचेपर्यंत अंगण झाडू नये.

तुझा काका