चोळ चोळ चोळले

ॲलर्जीमुळे माझ्या डोळ्यांना लहानपणापासून खाज. मग बोटांची मूठ वळून गरागरा चोळायचं. त्यात सुख असतं, खोटं कशाला बोलू? अठराव्या वर्षापासून चष्म्याचा नंबर, त्यातही सिलिंड्रिकल, सारखा बदलायला लागला. आम्ही दुकानात जायचो, नंबर काढायचो, नवी काच बसवायचो. तीन वर्षांत पाच चष्मे झाले. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांना शेपट्या फुटायच्या, तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं घरात कुणालाच सुचलं नाही.

शेवटी गेलो तेव्हा टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी झाली. केराटोकोनस. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, पातळ होत शंकूसारखी पुढे आलेली. उजव्या डोळ्याची जाडी ४४० मायक्रॉन. ४०० च्या खाली गेली, तर बिघाड थांबवणारं क्रॉस-लिंकिंग नेहमीच्या पद्धतीनं करता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नंबर सारखा बदलत असेल, विशेषतः वयाच्या विशीच्या आसपास, तर चष्मा बदलण्याआधी टोपोग्राफी मागून घ्या.

क्रॉस-लिंकिंग करताना टेबलावर काही दुखत नाही. डोळा बधिर करून वरचा पातळ थर खरवडतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब घालतात, मग अर्धा तास निळसर दिव्याकडे बघत पडायचं. अतिनील किरणांनी कॉर्नियातले तंतू एकमेकांत घट्ट बांधले जातात. दुखतं ते घरी आल्यावर. डोळ्यात वाळू भरून कुणी वर मिरची टाकावी, तसं. पडदे ओढलेल्या खोलीतही मी गॉगल लावून बसलो होतो.

तिसऱ्या रात्री झोपेत हात गेलाच. सकाळी उशीवर, उपचारानंतर डोळ्यावर बसवलेली बँडेज लेन्स सुकून पापडासारखी पडलेली. मी ती धुऊन परत घालायला निघालो होतो! आईनं हात धरला आणि थेट दवाखान्यात नेलं. वरचा थर भरला नसताना अशी लेन्स घालणं म्हणजे जंतूंना आवतण. डॉक्टरांनी नवी लेन्स घातली आणि झोपताना डोळ्यावर लावायला प्लॅस्टिकची जाळीदार वाटी दिली. ती पहिल्याच दिवशी मागून घ्या.

नंतर महिनाभर आधीपेक्षाही धूसर दिसत होतं. मी घाबरलो, फसवलं गेलो असंच वाटलं. पण हा उपचार बिघाड थांबवायला असतो, नंबर घालवायला नाही, हे मी आधी नीट ऐकूनच घेतलं नव्हतं. चष्म्याची घाई करू नका. माझा नंबर तीन महिन्यांनी काढला, आणि नीट दिसायला शेवटी कडक लेन्सच लागली. डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइडचे थेंबही मनानं बंद करू नका किंवा लांबवू नका. लांबवले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

हा आजार भावंडांतही निघू शकतो, म्हणून धाकट्याची टोपोग्राफी करून घेतली. नॉर्मल आली. तरी त्याचा हात डोळ्याकडे गेला, की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर येते.