धम्मपाठ : जन्माने कोणी गुन्हेगार नसतो

उपासक-उपासिकांनो, वसल सुत्तात भगवान बुद्धांनी अग्गिक भारद्वाजाला समजावले की, माणूस जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो. इंग्रज सरकारने १८७१ साली नेमका उलटा कायदा केला. गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. त्यांना पोलिसांत हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. राने सरकारने राखीव केली, माळ नांगराखाली गेले. शिकारीवर जगणारा फासेपारधी आपल्याच रानात चोर ठरला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. शिक्का मात्र गावाच्या तोंडी राहिला. वऱ्हाडात आजही चोरी झाली की आधी पारधी बेड्याकडे बोट जाते.

इंग्रज गेले, मग जबाबदारी कोणाची? ऑस्ट्रेलियात १८३८ साली मायल क्रीक येथे गोऱ्या वसाहतवाल्यांनी किमान २८ मूलनिवासींची कत्तल केली. २००० साली तेथे स्मारक झाले, तेव्हा मारेकऱ्यांचे व मृतांचे वंशज एकत्र उभे राहिले. अन्याय कबूल करणे ही पहिली पायरी होय.

बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरविलेल्या जमाती यांचा एकत्रच विचार केला. म्हणून पारध्याचे दुःख आपल्याला परके नाही. बावीस प्रतिज्ञांत आपण सर्व माणसे समान मानण्याची व खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा घेतली. पुराव्यावाचून कुणाला चोर म्हणणे हा दोन्हींचा भंग आहे.

वंदनेनंतर घरात विचारा : पारध्याचे मूल आपल्या मुलांच्या पंगतीला बसते काय?